सत्ता पालटली, नळ कोरडाच

१० नोव्हेंबर २०२४ रोजी मॉरिशसच्या मतदारांनी जो कौल दिला, त्याला लोकशाहीच्या इतिहासात फारशी उदाहरणे सापडणार नाहीत. मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा विरोधी आघाडीने जिंकल्या. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ स्वतःच्या मतदारसंघातही पराभूत झाले आणि नवीनचंद्र रामगुलाम पुन्हा एकदा पंतप्रधानपदी विराजमान झाले. विशेष म्हणजे असा साठ विरुद्ध शून्य निकाल त्या देशात प्रथमच लागलेला नाही. १९८२ मध्ये असेच घडले, १९९५ मध्येही असेच घडले. चार-साडेचार दशकांत तीन वेळा एका लहानशा देशाच्या जनतेने सत्ताधाऱ्यांची पाटी पूर्णपणे कोरी केली. मतपेटीतून व्यक्त होणारा संताप यापेक्षा अधिक स्पष्ट असू शकत नाही. तरीही या तिसऱ्या सत्तापालटानंतर दोन-तीन महिन्यांतच, म्हणजे जानेवारी २०२५ मध्ये, बेटावरील जलाशय आटले, पाणीवापरावर निर्बंध आले आणि अनेक वस्त्यांमधील गृहिणी पूर्वीप्रमाणेच नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहत बसल्या. सरकार बदलणे आणि कारभार बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा या बेटाने जगासमोर ठेवला आहे. त्याचा विचार मराठी वाचकानेही करावा, अशी त्याची योग्यता आहे.

मॉरिशस आपल्याला परका नाही. १८३४ पासून पुढे सुमारे आठ-नऊ दशके भारतातून साडेचार लाखांहून अधिक गिरमिटिया मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले. ज्या जागी ते उतरले, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. या मजुरांत भोजपुरी, तमिळ, तेलुगू भाषकांबरोबर मुंबई बंदरातून गेलेले कोकणचे मराठी लोकही होते. संख्येने लहान असलेल्या या समाजाने दीडशेहून अधिक वर्षे आपली भाषा, आपले अभंग, आपला गणपती जपला. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, शाळांमधून मराठी शिकवली जाते आणि एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या महाराष्ट्र भवनात छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला. स्वातंत्र्यासाठी या देशाने १२ मार्च ही तारीख निवडली, ती गांधीजींच्या दांडीयात्रेचे स्मरण म्हणून. तेव्हा तिथल्या सामान्य माणसाचे सुखदुःख हा आपल्या आस्थेचा विषय असणे स्वाभाविक आहे.

आधी त्या देशाचे श्रेय त्याला द्यायला हवे. १९६१ मध्ये जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाने, ज्यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले, या बेटाचे भवितव्य अंधकारमय असल्याचे सांगितले होते. वाढती लोकसंख्या, एकट्या उसावर उभी असलेली अर्थव्यवस्था आणि विविध वंशांचे समाज यांमुळे येथे शांततेने विकास होणे कठीण आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. मॉरिशसने तो खोटा ठरवला. १९५८ पासून सर्वांना वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन, १९७७ पासून मोफत माध्यमिक शिक्षण, सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार, २००५ पासून विद्यार्थी व वृद्धांना मोफत बसप्रवास, असा कल्याणकारी राज्याचा संसार या देशाने थाटला. साखरेला कापडउद्योग, पर्यटन आणि वित्तसेवा यांची जोड दिली. जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेने त्याची गणना उच्च उत्पन्नाच्या देशांत केली. कोरोनाच्या फटक्याने वर्षभरात ते स्थान गेले, ही गोष्ट वेगळी. आफ्रिकेतील सुशासनाच्या इब्राहिम निर्देशांकात तर हा देश वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकावर होता. चागोस द्वीपसमूहासाठी ब्रिटनसारख्या सत्तेशी झुंज देऊन २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अनुकूल मत मिळवण्याइतकी राजनैतिक कुशलताही त्याच्यापाशी आहे.

मग प्रश्न असा उभा राहतो की, हेगमध्ये जिंकणारे हे राष्ट्र स्वतःच्या गल्लीतील नळाला पाणी का आणू शकत नाही? सुशासनाच्या निर्देशांकातील गुण आणि नागरिकाच्या स्वयंपाकघरातील अनुभव यांत एवढे अंतर का पडावे?

पाण्याचेच पाहू. या बेटावर वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातील शेतकऱ्याने हा आकडा ऐकला, तर त्याला हेवा वाटावा. परंतु जमीन उताराची, नद्या आखूड आणि समुद्र जवळ, त्यामुळे पडलेले बरेचसे पाणी अडण्यापूर्वीच वाहून जाते. मध्यवर्ती पठारावरील मार ओ वाक्वा हा सर्वांत मोठा जलाशय इंग्रजांच्या काळापासूनचा आहे. बागातेल धरणाचे काम २०११ च्या सुमारास हाती घेतले गेले, ते पूर्ण व्हायला दशक सरत आले आणि खर्च मूळ अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला. दक्षिणेकडील रिव्हिएर देझांगिय धरणाची चर्चा तर इतकी वर्षे चालली आहे की, ती ऐकत एक पिढी मोठी झाली.

तरीही धरणांची कमतरता हे दुखण्याचे मूळ नव्हे. खरे दुखणे जमिनीखाली आहे. केंद्रीय जल प्राधिकरण जे पाणी शुद्ध करून वाहिन्यांत सोडते, त्यातील निम्म्याहून अधिक पाण्याचे पैसे कधीच मिळत नाहीत. काही पाणी चोरीला जाते, काही मोजलेच जात नाही, पण फार मोठा वाटा जुनाट, गंजलेल्या, फुटक्या वाहिन्यांतून जमिनीत मुरतो. तळाला भोक पडलेल्या रांजणात आणखी पाणी ओतण्याचा हा प्रकार आहे. रांजण मोठा करण्याच्या घोषणा प्रत्येक निवडणुकीत होतात, कारण धरणाच्या पायाभरणीला फीत कापता येते, पाटी लावता येते, छायाचित्र निघते. रस्ता खोदून जुनी वाहिनी बदलण्याच्या कामात मंत्र्याला शिव्याच खाव्या लागतात. वाहतूक अडते, धूळ उडते आणि काम संपल्यावर दिसायला काहीच उरत नाही. जे दिसत नाही ते करायचे नाही, ही राज्यकर्त्यांची सवय पाण्याच्या मुळावर आली आहे.

२०१४ च्या निवडणुकीत अनिरुद्ध जगन्नाथ यांच्या आघाडीने चोवीस तास, सातही दिवस पाणी देण्याचे वचन दिले होते. ते वचन देऊन ती आघाडी सत्तेवर आली. पुढे पाणीपुरवठ्याचे व्यवस्थापन खासगी कंपनीकडे सोपवण्याची योजना निघाली, कामगार संघटनांनी विरोध केला आणि योजना बारगळली. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, मतदार पुन्हा मतदानाला निघाले तेव्हा ते वचन वचनच राहिले होते. दरम्यान शासनाने एक मार्ग मात्र काढला. गरीब कुटुंबांना छपरावर पाण्याची टाकी बसवण्यासाठी अनुदान देण्याची योजना त्याने चालवली. टाकी ही सोय आहेच, तिची टिंगल करण्याचे कारण नाही. पण ज्या शासनाचे कर्तव्य नळाला पाणी देणे आहे, तेच नागरिकाला पाणी साठवण्यासाठी पैसे देऊ लागते, तेव्हा त्याने आपल्या अपयशाला योजनेचे रूप दिलेले असते. ज्याला टाकी व पंप दोन्ही परवडतात, त्याला टंचाई जाणवतच नाही. ज्याला परवडत नाहीत, त्याच्या घरची बाई पहाटे उठते किंवा टँकरची वाट पाहते. सार्वजनिक सेवा कोसळली की तिचा भार श्रीमंतावर पडत नाही, हा नियम सगळीकडे सारखाच आहे.

एकीकडे पाण्याचा दुष्काळ, तर दुसरीकडे पाण्याचाच प्रकोप. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईमध्ये अवघ्या काही तासांत ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि राजधानीच्या ऐन मध्यभागी अकरा माणसे मृत्युमुखी पडली; काही जण तर भुयारी मार्गात आणि वाहनतळात अडकून बुडाले. त्यानंतर नालेसफाई, नवे निचरामार्ग, समित्या, अहवाल सारे झाले. २०१७ मध्ये जमिनीवरील पाण्याच्या निचऱ्यासाठी कायद्याने स्वतंत्र प्राधिकरणही स्थापन झाले. आणि १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल चक्रीवादळ आले तेव्हा त्याच राजधानीच्या रस्त्यांवरून मोटारी पुन्हा काड्यापेट्यांसारख्या वाहत गेल्या. धोक्याच्या इशाऱ्याची पातळी वेळेवर का वाढवली गेली नाही, यावरून वादळ उठले. पंतप्रधानांनी हवामान विभागाला जबाबदार धरले, विभागप्रमुखाने राजीनामा दिला आणि प्रकरणावर पडदा पडला. विभागप्रमुख दोषी होता असे मानले, तरी अकरा वर्षांत नाले का मोकळे झाले नाहीत, पाण्याच्या वाटेवर बांधकामांना परवानगी कोणी दिली, या प्रश्नांची उत्तरे हवामान विभागाकडे असण्याचे कारणच नव्हते. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीने आपली जागा परत मागितली, हे ज्यांनी मुंबईत अनुभवले आहे, त्यांना ही कहाणी समजावून सांगण्याची गरज नाही.

शासनाची सुस्ती आणि समाजाची तत्परता यांतील फरक मॉरिशसने २०२० मध्ये पाहिला. २५ जुलै रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज दक्षिण-पूर्व किनाऱ्यावरील प्रवाळरांगेत रुतले. त्याच्या टाक्यांत सुमारे चार हजार टन इंधनतेल होते. बारा दिवस ते जहाज तिथेच उभे होते. ६ ऑगस्टला तेल गळू लागले आणि जवळपास एक हजार टन तेल निळ्याशार खाडीत पसरले. तेव्हा सरकारी आदेशाची वाट न पाहता हजारो नागरिक किनाऱ्यावर धावले. उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून, त्यांचे लांबच लांब अडसर शिवून त्यांनी ते समुद्रात सोडले. अनेकांनी तेल शोषण्यासाठी आपले केससुद्धा कापून दिले. ज्या उसाच्या मळ्यांत त्यांच्या पूर्वजांनी घाम गाळला, त्याच उसाच्या पाचटाने त्यांनी आपला समुद्र वाचवायला घेतला. यात हिंदू होते, मुसलमान होते, क्रिओल होते, चिनी होते. बारा दिवस तुम्ही काय करत होता, हा प्रश्न विचारत २९ ऑगस्टला हजारोंच्या संख्येने लोक राजधानीच्या रस्त्यावर उतरले. समाज जिवंत आहे, शासनयंत्रणा झोपलेली आहे, याचा एवढा ठळक पुरावा दुसरा नसेल.

मोठ्या संकटांची निदान बातमी तरी होते. रोजच्या कुचंबणेची बातमीही होत नाही. साडेबारा लाखांच्या देशात सहा लाखांहून अधिक वाहने आहेत. सकाळी पोर्ट लुईत शिरणे ही रोजची परीक्षा असते. सरकारी रुग्णालयात उपचार मोफत आहेत, पण विशेषज्ञाच्या भेटीसाठी आणि शस्त्रक्रियेसाठी थांबावे लागते, म्हणून मध्यमवर्गीय माणूस कर्ज काढून खासगी दवाखान्याची पायरी चढतो. त्यातच भाषेचा पेच. कायदा आणि सरकारी कागद इंग्रजीत, वर्तमानपत्रे बहुतांशी फ्रेंचमध्ये आणि माणसाचे बोलणे क्रिओलमध्ये. ज्या भाषेत तो रडतो, त्या भाषेत त्याला अर्ज करता येत नाही. म्हणूनच २००२ मध्ये तिथे खासगी रेडिओ सुरू झाले, तेव्हा लोकांनी त्यांनाच आपली कचेरी केले. ‘एक्स्प्लिक ऊ का’, म्हणजे तुमचे गाऱ्हाणे सांगा, अशा नावाचा कार्यक्रम तिथे घराघरांत ऐकला जातो. नागरिक दूरध्वनीवरून फुटलेली वाहिनी, अडलेले निवृत्तिवेतन, न झालेला रस्ता यांची तक्रार करतो आणि निवेदक अधिकाऱ्याला जाब विचारतो. ही सोय स्तुत्य खरी. पण जी तक्रार खिडकीवर सुटायला हवी ती सुटण्यासाठी साऱ्या देशाला ऐकवावी लागते, हे कारभाराला भूषणावह नाही.

गाऱ्हाणे मांडण्याची परंपरा मात्र त्या भूमीत जुनी आहे, आणि गौरवाची आहे. करार संपलेल्या भारतीय मजुरांना पूर्वी छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला की भटका म्हणून अटक होई. त्याविरुद्ध १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या सहृदय युरोपीय गृहस्थाच्या मदतीने मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या व अंगठे होते. परिणामी इंग्लंडहून शाही आयोग आला आणि १८७५ मध्ये त्याच्या अहवालाने मजुरांच्या छळाची कबुली दिली. पुढे १९०७ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर तिथे गेले आणि मजुरांची बाजू त्यांनी न्यायालयात लढवली. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यांनी अंगठा उठवून परक्या साम्राज्याला चौकशी करायला भाग पाडले. त्यांच्या सुशिक्षित नातवंडांना स्वतःच्या सरकारपुढे हतबल वाटावे, हा दैवदुर्विलास म्हणायचा.

या हतबलतेची कारणे शोधू गेल्यास ती एखाद्या पक्षात नव्हे, तर राजकारणाच्या घडणीत सापडतात. स्वातंत्र्यापासून या देशाचे पंतप्रधानपद रामगुलाम पिता-पुत्र, जगन्नाथ पिता-पुत्र आणि अल्पकाळ पॉल बेरांजे यांच्याबाहेर गेलेले नाही. जानेवारी २०१७ मध्ये तर निवडणुकीविना पित्याने पद सोडले आणि पुत्राने ते स्वीकारले. सत्तेभोवती घोटाळणाऱ्या, नेमणुकीसाठी, कंत्राटासाठी, परवान्यासाठी हात पसरणाऱ्या मंडळींना क्रिओल भाषेत ‘रोदेर बूट’, म्हणजे आपल्या वाटणीचा तुकडा शोधत हिंडणारे, असा नेमका शब्द आहे. शब्द रूढ होतो तो अनुभव रोजचा असतो म्हणूनच. मंडळे आणि महामंडळे यांच्यावर अशांची वर्णी लागते, सरकार बदलले की एक टोळी जाते, दुसरी येते आणि वाहिन्यांची माहिती असणारा अनुभवी अभियंता कोपऱ्यात बसून राहतो.

दुसरे कारण अधिक खोल आहे. त्या देशाची राज्यघटना नागरिकांची हिंदू, मुस्लिम, चिनी आणि ‘सर्वसाधारण’ अशी चार गटांत विभागणी करते. १९७२ नंतरच्या जनगणनांतून समाजगटांची ही नोंद बंद झाली, तरी संसदेतील काही अतिरिक्त जागा अजून त्याच जुन्या आकड्यांच्या आधारे देण्याची पद्धत पडली. त्यापलीकडे, उमेदवारी वाटताना हिंदूंमधील जातींचाही हिशेब मांडला जातो. समुद्र ओलांडताना ज्यांची जात सुटली असे म्हणतात, त्यांच्या वंशजांना मताच्या राजकारणाने ती पुन्हा चिकटवली. जातीच्या आणि पंथाच्या नावाने मत मागितले की पाण्याबद्दल बोलावे लागत नाही. फुटकी वाहिनी मात्र जात विचारून गळत नाही. आपल्या गटाचा मंत्री झाला यात समाधान मानणारा मतदार आपल्या गल्लीच्या नळाचा हिशेब विचारायला विसरतो, आणि नेमके हेच राज्यकर्त्यांच्या पथ्यावर पडते.

तिसरे कारण माहितीच्या अंधाराचे. दरवर्षी राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा अहवाल येतो, उधळपट्टीची प्रकरणे मथळ्यांत झळकतात, आठवडाभर चर्चा होते आणि पुढच्या वर्षी नव्या अहवालात तोच पाढा नव्याने म्हटला जातो. राज्यघटनेत लोकपालाची तरतूद आहे. पण माहितीच्या अधिकाराचा कायदा करण्याचे वचन निवडणुकीमागून निवडणुकीत दिले गेले आणि २०२४ च्या निवडणुकीपर्यंत तो झालेला नव्हता. त्या निवडणुकीच्या तोंडावर नेते, पत्रकार, अधिकारी यांची चोरून ध्वनिमुद्रित केलेली म्हणून सांगितली जाणारी संभाषणे बाहेर आली. तेव्हा सरकारने १ नोव्हेंबरला समाजमाध्यमेच बंद केली. लोकक्षोभापुढे दुसऱ्याच दिवशी ती बंदी मागे घ्यावी लागली, पण व्हायचे ते नुकसान झालेच होते. ज्या शासनाकडे नागरिकाला माहिती देण्याची यंत्रणा नाही, त्याच्याकडे नागरिकाचे बोलणे थांबवण्याची यंत्रणा सज्ज असते, हे लोकांनी पाहिले आणि दहाव्या दिवशी उत्तर दिले.

स्थानिक स्वराज्याचीही अशीच उपेक्षा झाली. २०१५ नंतर नगरपालिकांच्या निवडणुका वारंवार पुढे ढकलल्या गेल्या. त्या झाल्या त्या थेट ४ मे २०२५ रोजी. सार्वत्रिक निवडणुकीत उत्साहाने रांगा लावणारे मतदार या वेळी मतदान केंद्राकडे फारच थोड्या संख्येने फिरकले. ज्या संस्थेकडे अधिकार नाहीत, निधी नाही आणि दहा वर्षे जिची आठवणही कोणाला झाली नाही, तिच्यासाठी रांगेत कोण उभे राहील? पण गटार, कचरा, दिवाबत्ती हे प्रश्न पंतप्रधानांच्या पातळीवर सुटत नसतात. मधला जिनाच काढून टाकला की तळमजल्यावरचा माणूस आणि गच्चीवरचा नेता यांची भेट फक्त निवडणुकीच्या मिरवणुकीत होते.

मग उरते खैरात. २०२४ च्या प्रचारात चौदाव्या महिन्याच्या वेतनापासून अनेक घोषणांची स्पर्धा लागली. निवडणूक संपली, नव्या सरकारने तिजोरी उघडून पाहिली आणि जून २०२५ च्या अर्थसंकल्पात निवृत्तिवेतनाचे वय साठवरून टप्प्याटप्प्याने पासष्टवर नेण्याची घोषणा करावी लागली. लोक पुन्हा रस्त्यावर आले. घटती जन्मसंख्या, परदेशी निघालेले तरुण आणि वाढते वृद्ध पाहता या निर्णयामागील हिशेब खोटा म्हणता येणार नाही. पण ज्यांना काल वाटपाची सवय लावली, त्यांना आज त्याग करायला सांगण्याचा नैतिक अधिकार राज्यकर्त्यांनी आपल्याच हाताने गमावलेला असतो. चौदावे वेतन एका महिन्यात खर्च होते. नीट घातलेली जलवाहिनी पन्नास वर्षे टिकते. मत पहिल्याला मिळते, दुसरीला मिळत नाही. जोवर मतदार हा हिशेब उलटा मांडत नाही, तोवर साठ-शून्यचे निकाल कितीही लागोत, राज्यकर्त्यांचे वागणे बदलणार नाही.

भारताने या बाबतीत बंधुभाव दाखवला आहे, याची नोंद घ्यायला हवी. २०१६ च्या विशेष आर्थिक साहाय्यातून उभी राहिलेली मेट्रो ऑक्टोबर २०१९ मध्ये रोझ हिलपर्यंत आणि २०२२ मध्ये क्युरपीपपर्यंत पोहोचली. तिचे बांधकाम भारतीय कंपनीने केले. त्याच साहाय्यातून कान-नाक-घशाचे रुग्णालय झाले, सर्वोच्च न्यायालयाची इमारत झाली. आणि मार्च २०२५ मध्ये सुमारे शंभर किलोमीटर जुन्या जलवाहिन्या बदलण्यासाठी ४८७ कोटी ६० लाख रुपयांचे, डॉलरऐवजी भारतीय रुपयांतील कर्ज देण्याचे ठरले. मेट्रोपेक्षा हे काम कमी चमकदार असले, तरी सामान्य गृहिणीच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे. मात्र मित्र वाहिनी घालून देऊ शकतो. ती गळू लागली की दुरुस्त करण्याची शिस्त घरच्यांनाच अंगी बाणवावी लागते.

दुसऱ्याच्या घरातील उणिवा मोजताना आपल्या उंबरठ्याकडेही पाहिले पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पुण्या-मुंबईच्या कडेला उभ्या राहिलेल्या टोलेजंग संकुलांत सदनिकाधारक घरपट्टीही भरतात आणि टँकरचे बिलही भरतात. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर जवळपास चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार लोकप्रतिनिधींविना प्रशासकाने हाकला. मॉरिशसच्या नगरपालिकांबद्दल बोलताना आपला आवाज थोडा खाली आणावा, अशीच ही स्थिती आहे. पण मॉरिशसच्या नागरिकाला जी साधने मिळाली नव्हती, ती आपल्या हाती आहेत. महाराष्ट्राने २००२ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने ठरावीक मुदतीत सेवा मिळणे हा महाराष्ट्रातील नागरिकाचा हक्क झाला. मुदत टळली तर अपील करता येते, जबाबदार अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. यांतील किती तरतुदी आपल्या वस्तीतील लोकांना ठाऊक आहेत? कितीजण त्या वापरतात? शस्त्र भिंतीवर टांगलेले असताना निःशस्त्र असल्याची तक्रार करणाऱ्याला काय म्हणावे?

येथेच समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्याचे कर्तव्य सुरू होते. आंदोलनाचा दिवस वर्षातून एखादाच येतो, नळ मात्र रोज उघडावा लागतो. वस्तीत पाणी किती वाजता येते आणि किती वेळ टिकते याची नोंद ठेवणे, गळती दिसली की कळवणे व दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा करणे, म्हाताऱ्या माणसाचा अर्ज त्याच्या भाषेत समजावून देऊन भरणे, प्रभागाच्या खर्चाचा कागद मागवून चार लोकांत वाचून दाखवणे, ही कामे साधी आहेत, त्यांना हार-तुरे मिळत नाहीत. पण वाकाशिओच्या वेळी उसाच्या पाचटाचे अडसर शिवणारे हात आणि ही कामे करणारे हात एकाच जातीचे आहेत. संकटात जी समाजशक्ती उसळून येते, तिला नित्याच्या कारभारावर पहारा ठेवायला शिकवले, तरच सत्तापालटातून कारभारपालट घडतो.

शिवछत्रपतींच्या राज्यकारभाराची परंपरा सांगणाऱ्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी किल्ला बांधण्यापूर्वी तिथे पाणी आहे की नाही हे आधी पाहावे, असे बजावून ठेवले आहे. तट, बुरूज, दरवाजे, तोफा हे सारे त्यानंतर. स्वराज्याच्या निर्मात्यांना हे पक्के माहीत होते की, ज्या गडावर पाणी नाही तो कितीही अजिंक्य दिसला तरी आतूनच पडतो. मॉरिशसमध्ये महाराजांचा पुतळा उभा करणाऱ्या आपल्या मराठी बांधवांनी, आणि येथे प्रत्येक चौकात तो उभा करणाऱ्या आपण सर्वांनीही, त्या पुतळ्याबरोबर हा दंडकही आठवावा. १९६८ मध्ये त्या बेटाने स्वराज्य मिळवले, तीन वेळा मतपेटीतून सत्ताधाऱ्यांना घरी पाठवून आपली जागरूकताही सिद्ध केली. आता स्वराज्याचे सुराज्य करण्याचे काम उरले आहे, आणि ते पाच वर्षांतून एकदा बोटाने होणारे नाही. त्यासाठी रोज डोळे उघडे ठेवणारा नागरिक हवा. असा नागरिक घडवणे हेच पोर्ट लुईतही आणि पुण्या-मुंबईतही खरे राष्ट्रकार्य आहे.